हाकेला परत येणारं कुत्रं: लांब दोरी, रिमोट कॉलर आणि ट्रेनरचे कोर्स

आमची सोनी कारवानी, म्हणजे नजरेवर शिकार करणाऱ्या वेगवान देशी जातीची कुत्री. घरात नुसती ताटली वाजली तरी धावत यायची, त्यामुळे तिला ‘ये’ कळतं अशी आमची ठाम समजूत होती. मग एकदा नातेवाइकांच्या शेतावर तिला मोकळं सोडलं, बांधाकडून ससा उठला आणि सोनी गेली. मी ‘ये, ये’ ओरडत ढेकळांतून पळतेय, ती ठिपक्याएवढी झाली, मग ठिपकाही दिसेना. पाऊण तासाने परत आली ती लंगडत. तारेने मांडी फाटली होती.

त्याच रात्री मी मोबाइलवर रिमोट कॉलर, म्हणजे लांबून बटण दाबून झटका देता येणारा गळपट्टा, शोधत बसले. या पट्ट्यापर्यंत बहुतेक जण असेच पोचतात: घाबरून, रात्री अकरा वाजता. आणि अशा वेळी घेतलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात येते, तिसऱ्या दिवशी कुत्र्याच्या गळ्यात असते, चौथ्या दिवशी कुत्रं सोफ्याखालून बाहेर यायला तयार नसतं. माझ्याकडून ही घाई थोडक्यात टळली. पुढचे सात-आठ महिने जे शिकले, चुकले, ते इथे क्रमाने लिहिते.

डबीत काय असतं

दोन वस्तू असतात. हातात धरायचा रिमोट आणि गळ्यात बांधायचा रिसीव्हर. रिसीव्हरच्या आतल्या बाजूला धातूचे दोन बोथट खुंट असतात, ते केसांतून कातडीला टेकले पाहिजेत. रिमोटवरून साधारण तीन गोष्टी करता येतात: टोन म्हणजे बारीक आवाज, व्हायब्रेशन म्हणजे मोबाइलसारखी थरथर, आणि तिसरी म्हणजे विजेचा झटका. विकणारे त्याला ‘स्टिम’ म्हणतात. मी झटकाच म्हणणार, कारण वीज दोन खुंटांच्या मधल्या कातडी-स्नायूंतून जाते आणि कुत्र्याला तो झटकाच लागतो. खालच्या पातळीवर तो फिजिओथेरपीच्या मशीनसारखा मुंग्या आणणारा वाटतो, वरच्या पातळीवर कुत्रं किंचाळतं. पातळ्या कुठे ० ते १००, कुठे ० ते १२७. एक बटण क्षणभराचा झटका देतं, दुसरं दाबून धराल तितका वेळ देत राहतं. बहुतेक पट्ट्यांत त्याला काही सेकंदांची मर्यादा असते.

डॉगट्रा, गार्मिन, एज्युकेटर ही नावं यात जुनी. अमेरिकेत त्यांच्या किमती दीड-दोनशे डॉलरच्या आसपास सुरू होतात, इकडे येईपर्यंत आणखी वाढतात. दुसरीकडे ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळणारे, नाव रोज बदलणारे पट्टे. त्यांची अडचण अशी की ७ आणि ८ मध्ये काहीच फरक जाणवत नाही आणि ९ ला एकदम दणका बसतो. शिवाय बटण दाबल्यावर झटका कधी लगेच बसतो, कधी अर्ध्या सेकंदाने. पूर्ण वेगात धावणारं कारवानी कुत्रं चार सेकंदांत पन्नासेक मीटर जातं. अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे झटका भलत्याच गोष्टीशी जोडला जाणार. पैसे वाचवायचे असतील तर हा पट्टा घेऊच नका, स्वस्तातला तर नाहीच नाही.

भुंकल्यावर आपोआप झटका देणारा ‘बार्क कॉलर’ वेगळा. सोसायटीत शेजारच्यांची तक्रार आली की लोक तो आणतात. कुत्रं का भुंकतंय (एकटं पडतंय, कंटाळलंय, जिन्यातल्या पावलांना घाबरतंय) हे त्या यंत्राला कळत नाही आणि बटण माणसाच्या हातातही नसतं. तो विषय मी इथेच सोडते.

कायदा आणि अभ्यास, थोडक्यात

वेल्समध्ये २०१० पासून झटक्याच्या पट्ट्यांवर बंदी आहे. जर्मनीत २००६ साली तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने प्राणी-संरक्षण कायद्याचा जो अर्थ लावला, त्यामुळे प्रशिक्षणासाठी त्यांचा वापर थांबला. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याच्या ११व्या कलमानुसार प्राण्याला विनाकारण वेदना देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत हल्ली दोन कटिंग आणि एक वडापाव येतो, तेव्हा दंडाच्या भीतीवर विसंबू नका, स्वतःच्या विवेकावर विसंबा.

अभ्यास काय सांगतो? इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी ६३ कुत्र्यांचे तीन गट केले. एका गटाला अशा पट्ट्याचा अनुभव असलेल्या ट्रेनरनी पट्टा वापरून शिकवलं, दुसऱ्याला त्याच ट्रेनरनी पट्ट्याविना, तिसऱ्याला बक्षिसावर भर देणाऱ्या ट्रेनरनी. २०२०च्या निष्कर्षात पट्ट्याचा जास्तीचा फायदा दिसला नाही, उलट बक्षिसवाल्या गटातली कुत्री जास्त वेळा पहिल्याच हुकमाला ऐकत होती. अमेरिकेतल्या पशु-वर्तन वैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापरा असं स्पष्ट म्हटलं. पट्ट्याच्या बाजूने सांगायचं तर २०२४ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातून १९ कुत्र्यांवरचा एक छोटा अभ्यास आला. धावत्या आमिषामागे जाणं थांबवायला झटका लागलेली कुत्री थोड्या सत्रांत शिकली, खाऊवाली त्या मुदतीत शिकली नाहीत. पण झटका बसताना कुत्री कळवळली, हेही त्यात नोंदलेलं आहे.

या सगळ्यातून मी काढलेला अर्थ असा: पाठलाग ही खरोखर अवघड गोष्ट आहे, आणि ‘बस’, ‘थांब’, ‘उडी मारू नको’ यांच्यासाठी झटक्याला काही जागाच नाही.

पहिले सहा आठवडे: पट्टा कपाटात

लेखाचा गाभा हाच. पट्टा कुत्र्याला काही शिकवत नाही. शिकलेल्या गोष्टीची लांबून आठवण देणं एवढंच त्याचं काम. ‘ये’ म्हणजे काय हेच ज्याला पक्कं ठाऊक नाही, त्याला झटक्याने फक्त मान दुखते हे कळतं.

*आधी शब्द ठरवा.* आमच्या घरी आई ‘ये गं बाळा’ म्हणायची, मी ‘सोनी ये’, भाचा ‘कम’, आणि अंघोळीच्या दिवशी सगळे मिळून ‘ये म्हटलं ना!’ सोनीच्या लेखी ‘ये’ म्हणजे कधी पोळी, कधी शाम्पू. असा वापरून झिजलेला शब्द सरळ सोडून द्या. नवा घ्या. मी साधी खेळाच्या दुकानातली शिट्टी घेतली: दोन आखूड, एक लांब. शिट्टीला राग येत नाही, तिचा आवाज फाटत नाही आणि ती घरातल्या कुणीही वाजवली तरी सारखीच वाजते. घरातल्या सगळ्यांना बसवून नियम सांगा: ही शिट्टी अंघोळीला, औषधाला, रागवायला कधीही वाजवायची नाही.

*मग खाऊ ठरवा.* रोजचं कोरडं खाणं इथे चालत नाही. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे, चिकनची कलेजी, पनीर, उकडलेलं अंडं. हा खाऊ फक्त शिट्टीच्या पाठोपाठच मिळाला पाहिजे, एरवी नाही. घरच्या डब्यातून काही देणार असाल तर कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट यांच्या जवळही जाऊ नका, ती कुत्र्याला विषारी आहेत. आणि जेवढा खाऊ दिला तेवढं रात्रीचं जेवण कमी करा, नाहीतर दोन महिन्यांत हाकेला येणारं पण धापा टाकणारं कुत्रं मिळेल.

*पहिले चार दिवस काहीही मागू नका.* कुत्रं शेजारीच उभं आहे, शिट्टी वाजवा, लगेच खाऊ द्या. एका वेळी सात-आठदा, दिवसातून दोन-तीन वेळा. शिट्टी आधी, हात खिशाकडे नंतर. हा क्रम उलटा झाला तर कुत्रं हाताकडे पाहायला शिकतं, कानाने ऐकायला नाही. चौथ्या दिवशी ते दुसरीकडे पाहत असताना वाजवा. मान झटकन वळली तर पुढे चला.

*घरात अंतर वाढवा.* दोघांनी दोन खोल्यांत बसायचं, आळीपाळीने शिट्टी. मग जिना, मग गच्ची, मग पार्किंग. सोनीला पार्किंगमध्ये पहिल्यांदा शिट्टी ऐकूच आली नाही, म्हणजे कानावर पडली पण मांजरीपुढे तिची किंमत शून्य. हे कुत्र्याचं हट्टीपण नव्हे. नवी जागा म्हणजे त्याच्यासाठी जवळजवळ नवा धडा असतो. एक पायरी मागे या, मांजरीपासून लांब उभ्या राहा, पुन्हा करा.

*आता लांब दोरी.* दहा ते पंधरा मीटर, मऊ सुती किंवा रुंद पट्टीची. नायलॉनची बारीक दोरी नको, ती हातातून सरकली की तळवा सोलून निघतो (माझा निघाला). दोरी गळ्याच्या पट्ट्याला बांधू नका, छातीच्या हार्नेसला पाठीवर अडकवा. पूर्ण वेगात धावलेलं कुत्रं दोरीच्या टोकाला पोचलं आणि हिसका मानेला बसला तर श्वासनलिकेला इजा होऊ शकते. दोरी हाताला गुंडाळू नका. जमिनीवर सुटी राहू द्या आणि गरज पडली तर तिच्यावर पाय ठेवा. लहान मुलं आसपास असतील तर दोरी पिशवीतून बाहेर काढू नका आणि खेळही सुरू करू नका, पायात अडकते.

दोरीचं काम कुत्र्याला ओढून आणणं नाही. कुत्र्याला ‘न येणं’ परवडू नये, एवढंच. शिट्टी वाजली, ते आलं तर खाऊची चैन: एक तुकडा नाही, एकामागून एक पाच-सहा. नाही आलं तर शांतपणे दोरी धरून त्याच्यापर्यंत चालत जा, रागवू नका, दोन पावलं मागे घ्या आणि तिथे एक तुकडा द्या.

*आल्यावर परत सोडा.* माझी सगळ्यात मोठी चूक इथे होती. मी फक्त घरी जायची वेळ झाली की बोलवायचे. कुत्र्याच्या हिशेबाने हाक म्हणजे खेळ संपला. आता दहातल्या आठ वेळा ती येते, खाते, आणि मी ‘जा’ म्हणते. ‘जा’ हेच तिचं मोठं बक्षीस झालंय, चिकनपेक्षाही.

*हिशेब ठेवा.* एका जागी दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा पहिल्या शिट्टीला आली पाहिजे. नऊ झाले की पुढची जागा. सातवर आली तर मागची जागा. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचे, दूधवाल्याच्या हिशेबाखाली: ‘मैदान, ७’, ‘मैदान, ६, शेळ्या’. लिहिलं नाही की माणूस स्वतःला फसवतं.

*आणि कितीही उशिरा आलं तरी ओरडू नका.* पाऊण तासाने आलेल्या सोनीला मी त्या दिवशी एक धपाटा घातला होता. तिने त्याचा अर्थ ‘सशामागे जाऊ नये’ असा घेतला नाही. ‘परत आलं की मार बसतो’ असा घेतला.

कारवानी, पश्मी, रामपूर हाउंड अशी नजरेवर शिकार करणारी कुत्री घरात असतील तर आणखी एक गोष्ट. पिढ्यान्‌पिढ्या ही कुत्री पळण्यासाठीच निवडली गेली. धावणं सुरू झाल्यावर त्यांना हाक मारणं म्हणजे सुटलेल्या एसटीला हात दाखवणं. हाक त्याआधी गेली पाहिजे: मान ताठ होते, कान मागे-वर जुळतात, एक पाय उचलला जातो, सगळं शरीर क्षणभर थिजतं. तो क्षण ओळखायला मला दोन महिने लागले. त्या क्षणी शिट्टी वाजवली तर सोनी वळते. एका सेकंदाने वाजवली तर नाही. ट्रेनिंगमधला माझा अर्धा अभ्यास तिचा नव्हताच, माझ्या डोळ्यांचा होता. ससा, मोर यांच्यामागे कुत्रं सोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीत मोजलं जातं, हेही लक्षात असू द्या. ससे-मोर असतील अशा टेकड्यांवर दोरी काढूच नका.

भटक्या कुत्र्यांचं काय, हा प्रश्न मला कायम विचारतात. उत्तर नीरस आहे: वेळ आणि जागा बदला. पहाटेच्या आधी टोळ्यांची हद्द जागी असते, सातच्या पुढे शांत होते, निदान आमच्याकडे तरी. कुंपण असलेलं शाळेचं मैदान, सुट्टीत परवानगी काढून, सर्वांत उत्तम.

मग पट्टा लागतो कुणाला?

सहा आठवडे वर लिहिलेलं नीट केलं तर दहातल्या बहुतेक कुत्र्यांना लागत नाही. उरतात ती तीव्र पाठलागाची, मोकळ्या रानात राहणारी, किंवा बहिरी कुत्री. बहिऱ्या कुत्र्याला थरथरीची हाक ही खरंच उपयोगाची गोष्ट आहे.

यांना मात्र नाही, अगदी नाही: सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, गाभण कुत्री, फिट येणारं किंवा हृदयाचा आजार असलेलं कुत्रं, मानेवर त्वचारोग असलेलं. घाबरट कुत्रं. दिवाळीत फटाक्यांनी पलंगाखाली जाणारं. एकटं राहिलं की दार ओरबाडणारं. आणि दुसऱ्या कुत्र्यांवर किंवा माणसांवर धावून जाणारं. या शेवटच्याचं कारण समजून घ्या. समोरून लहान मूल येतंय, कुत्रं गुरगुरलं, तुम्ही बटण दाबलं. त्याला मान दुखली तेव्हा डोळ्यांसमोर मूल होतं. पुढच्या वेळी गुरगुर नसेल, सरळ चावा असेल, कारण गुरगुरण्याची सूचना तुम्हीच दाबून टाकलीत. असं कुत्रं असेल तर आधी पशुवैद्य. अचानक चिडकं झालेल्या कुत्र्याचा कान, दात, सांधा दुखत असणं फार सामान्य आहे.

पट्टा वापरायचाच ठरलं तर

पहिला आठवडा पट्टा बंद ठेवूनच बांधा. फिरायला जाण्याआधी बांधा, आल्यावर काढा. जेवताना, खेळताना गळ्यात असू द्या. पट्टा आला की मजा येते, एवढंच त्याला कळायचंय. हे न करता पहिल्याच दिवशी चालू केला तर कुत्रं चतुर होतं: पट्टा असला की शहाणं, नसला की मोकळं.

बांधणं सैल नको. मानेच्या वरच्या भागात, श्वासनलिकेच्या अगदी पुढे नाही तर किंचित बाजूला. खुंट कातडीला टेकतील आणि पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जाईल इतपत. सैल पट्ट्याचे खुंट मधूनच टेकतात, मग झटका कधी लागत नाही म्हणून माणूस पातळी वाढवतो आणि कुत्रं वळताच तो पूर्ण बसतो. लॅब, जर्मन शेफर्डसारख्या दाट केसांना लांब खुंट लागतात, कारवानीची कातडी आणि केस पातळ, तिला सगळ्यात आखूड. त्याच पट्ट्याला दोरी कधीही अडकवू नका.

दुसरा आठवडा फक्त थरथर. घरातच, शिट्टीचं जे केलं तेच: थरथर, लगेच खाऊ. मग थरथर आणि पाठोपाठ शिट्टी, कुत्रं आलं की खाऊ. काही दिवसांत थरथर हीच लांबून दिलेली हाक होते. काही कुत्र्यांना मात्र थरथरीचीच भीती वाटते. शेपटी खाली, ओठ चाटणं, जांभया, जागीच गोठणं असं दिसलं तर हट्ट धरू नका, फक्त टोन वापरा. सोनीचं इथेच भागलं. थरथर आणि शिट्टी, तीही लांब दोरीसकट. झटक्याच्या बटणावर मी चिकटपट्टी लावून टाकली. खिशात चुकून दाबलं जाऊ नये म्हणूनही ते बरं.

झटक्यापर्यंत जायचं असेल तर एकट्याने जाऊ नका. अनुभवी माणूस शेजारी उभा हवा. आधी स्वतःच्या दंडाच्या आतल्या बाजूला शून्यापासून एकेक पातळी चढवून पाहा. कुटुंबातल्या ज्या कुणाच्या हातात रिमोट जाणार त्या प्रत्येकाने हे करायचं, सुटका नाही. मग कुत्र्यावर, शांत जागी, शून्यापासून. कान हलला, मान किंचित वळली, माशी बसल्यासारखी कातडी थरारली की थांबा. हीच पातळी. कुत्रं केकाटलं, मान झटकली, पाय चाटू लागलं तर तुम्ही कधीच पुढे गेलात. ही पातळी रोज बदलते, भिजलेल्या केसांत तर हमखास, म्हणून कालचा आकडा आज विश्वासाने वापरू नका.

त्या पातळीवर क्रम असा: दोरी हातात, कुत्र्याला आधीच पक्की येणारी हाक, हाकेबरोबर हलका झटका, आणि कुत्रं तुमच्याकडे वळताक्षणी बटण सुटलं पाहिजे. आलं की आधीसारखाच भरपूर खाऊ. कुत्र्याला काय करायचं ते ठाऊक नसताना, किंवा तुम्हाला राग आला असताना बटण नाही. राग आला की मी रिमोट बाकावर ठेवून द्यायचे, अक्षरशः. एका सत्रात दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. दोन आठवड्यांत झटक्याची गरज कमी होत गेली नाही तर पातळी वाढवायची नसते, पद्धत चुकतेय असं समजून थांबायचं असतं.

आणि गळा रोज पाहा. लोक ज्याला ‘पट्ट्याने भाजलं’ म्हणतात ती जखम बहुधा विजेची नसते, खुंटांच्या सततच्या दाबाने कातडी मरून झालेली असते. पट्टा दोन तासांनी किंचित फिरवा, दिवसातून काही तासांपलीकडे ठेवू नका, रात्री कधीच नाही. कोकणात आणि घाटावरच्या पावसाळ्यात ओल्या केसांखाली दोन दिवसांत कातडी लाल होते आणि खाज सुटते. खुंट पुसा, गळा कोरडा करा, लाली दिसली की पट्टा बंद आणि डॉक्टर.

ट्रेनर निवडताना

आपल्याकडे कुत्र्यांचा ट्रेनर व्हायला परवाना लागत नाही. कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून चौकशी तुम्हालाच करावी लागते.

घरी येणारा ट्रेनर आठवड्यातून तीन-चारदा तासभर येतो आणि दोन-तीन महिन्यांचा ‘बेसिक ओबिडियन्स’ कोर्स करतो. गट-वर्ग मैदानावर भरतात, इतर कुत्र्यांच्या सान्निध्यात शिकायला फार चांगले. तिसरा प्रकार म्हणजे कुत्रं महिना-दीड महिना केंद्रातच ठेवायचं आणि ‘शिकून’ घरी आणायचं. नोकरदार लोकांना हा मोहवतो. मलाही मोहवलं होतं, सोनीच्या आधी लॅब्रॅडॉर होता तेव्हा. तीस दिवसांनी परत आला तो त्या ट्रेनरसमोर सैनिकासारखा बसत होता आणि माझ्यासमोर अजिबात नाही. झाडू उचलला की मात्र आडवा पडायचा. केंद्रात काय झालं ते मला कधीच कळलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं आणि आत जाऊ द्या असंही म्हटलं नव्हतं.

सैन्याची कुत्री मेरठला तयार होतात, सीमा सुरक्षा दलाची ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला. तिथे कुत्र्यासोबत त्याचा हाताळणारा जवानही शिकतो, कित्येक महिने, जोडीने. तेव्हा आपल्याशिवाय आपलं कुत्रं तयार होऊन येईल ही आशा जरा जास्तच आहे. घरी येणारा ट्रेनरही जर स्वतःच कुत्र्याची दोरी धरून तासभर फिरवत असेल आणि तुम्ही आत चहा करत असाल, तर चहा बंद करा आणि बाहेर या. तासातली निदान चाळीस मिनिटं दोरी तुमच्या हातात हवी.

पैसे देण्याआधी हे विचारा, आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडेही पाहा.

‘कुत्र्याने बरोबर केलं तर काय होतं? चूक केली तर काय होतं? दोन्हीला काही फरकच पडला नाही तर?’ या तीन प्रश्नांना साध्या भाषेत उत्तर देता आलं पाहिजे. ‘तुम्ही काळजी करू नका, माझी वेगळी टेक्निक आहे’ हे उत्तर नव्हे.

‘साखळी, काटेरी पट्टा, रिमोट कॉलर वापरता का? कधी? माझ्या लेखी परवानगीशिवाय वापरणार नाही ना?’ वापरतो म्हणणारा प्रामाणिक माणूस ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्या खोटारड्यापेक्षा बरा. पण पहिल्याच भेटीत, कुत्र्याला हातही न लावता जो रिमोट काढतो त्याला दारातूनच नमस्कार करा.

‘दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याचं सत्र मला पाहता येईल?’ जाऊन पाहा. ट्रेनर आला की ती कुत्री शेपूट हलवत धावतात, की जमिनीला चिकटतात?

जो ‘पंधरा दिवसांत शंभर टक्के गॅरंटी’ देतो किंवा प्रत्येक गोष्टीला ‘त्याला तुमच्यावर हुकूमत गाजवायचीय, तुम्ही अल्फा (कळपाचा म्होरक्या) व्हा’ म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका. बंदिस्त, अनोळखी लांडग्यांवरच्या जुन्या निरीक्षणांतून आलेली ती कल्पना पुढे त्याच विषयातल्या संशोधकांनी सोडून दिली. रानातला कळप बहुधा आई-बाप आणि पिल्लांचाच असतो.

केंद्रात ठेवावंच लागलं तर: अचानक भेट द्यायची मुभा, रोजचा न कापलेला व्हिडिओ, लसीकरणाची नोंद सगळ्या कुत्र्यांची (रेबीज आणि पार्व्होसकट), रात्री कुत्रं कुठे झोपतं ते स्वतः पाहणं, आणि शेवटी तुमच्यासोबत किमान चार-पाच सत्रं, त्यातली दोन तुमच्या घरी आणि तुमच्या रस्त्यावर. हे सगळं पावतीवर लिहून घ्या. पूर्ण फी आगाऊ देऊ नका. अर्धी आधी, बाकीची शेवटच्या घरच्या सत्रानंतर. त्या शेवटच्या सत्रात ट्रेनरला गेटबाहेर उभं करा आणि हाक तुम्ही मारा, मग घरातल्या सगळ्यात बारीक आवाजाच्या माणसाला मारू द्या. आमच्याकडे ती आई होती. तिने शिट्टी उलटी धरली, ती वाजलीच नाही, आणि सोनी तरीही आली, कारण आईच्या ओट्यावर पनीर होतं.